संमतीपत्रातला ‘मी’ आणि गाळलेला ‘किंवा’

माझ्याकडे चाळीसेक कोरी संमतीपत्रं आहेत, निरनिराळ्या इस्पितळांची. काही छापील, काही झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेली, काहींत मराठी आणि इंग्रजी समोरासमोर. एकात तर ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला आहे. लोक नाणी जमवतात, काडेपेट्या जमवतात. मी हे जमवतो म्हटल्यावर ओळखीचे डॉक्टर आधी हसतात आणि मग जरा सावरून विचारतात, “केस-बिस करायची नाही ना?” नाही. मला ती वाचायची असतात. एखादी कथा वाचावी तशी. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, काय सांगितलंय आणि काय गाळलंय, हे बघत. आयुष्यातल्या सगळ्यात नाजूक क्षणी आपली माणसं ज्या मराठी गद्याखाली सही करतात, त्या गद्याकडे समीक्षेनं पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही. आपल्याकडे डॉक्टरांची आत्मकथनं चांगली आहेत. ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ आहे, त्याआधी डॉ. अरुण लिमयांचं ‘क्लोरोफॉर्म’ आहे. पण टेबलावर झोपलेल्या माणसाच्या नावानं रोज लिहिलं जाणारं हे जे एकपानी आत्मकथन, ते कुणी हातात घेत नाही.

मी वैद्यक शिकलेलो नाही, कायदाही नाही. बारावीनंतर शिक्षण सुटलं. दुय्यम निबंधक कार्यालयासमोर एका टपरीवजा जागेत बसून तीसेक वर्षं दस्त लिहितो. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. बाकीचं वाचन संध्याकाळचं आणि रविवारचं. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे म्हणणार आहे त्यात माझा धंदा बराच डोकावतो.

सुरुवात झाली ती २०१२ साली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जिना चढताना छातीत भरून यायला लागलं. दोन मिनिटं बसले की थांबायचं. असं काही महिने चाललं. अण्णा एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हिशेबाची सवय सुटली नव्हती. कुठल्या पायरीवर भरून आलं, याची नोंद ते कॅलेंडरवर करायचे. जवळच्या शहरातल्या एका इस्पितळात अँजिओग्राफी करायचं ठरलं. या तपासणीला पूर्ण भूल देत नाहीत. मनगटापाशी किंवा जांघेत जागा बधिर करून नळी घालतात. माणूस जागा असतो, बोलू शकतो. अर्ध्या तासानं दार उघडलं आणि मला आत बोलावलं. काचेपलीकडे अण्णांचे पाय दिसत होते. एक तरुण डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “दोन ठिकाणी ब्लॉक आहे. नळी आत आहे तोवर आपण स्टेंट टाकून घेऊ, म्हणजे परत टोचायला नको. कुठला टाकायचा ते पाच मिनिटांत सांगा.” मी विचारलं, “अण्णांना विचारलंत का?” ते म्हणाले, “पेशंट टेबलावर आहे.” मी सही केली.

रात्री भेटायला गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, “मी जागाच होतो की रे. काचेतनं तू सही करताना दिसलास.”

सुरात तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं, सुटे पैसे परत देताना सांगावं तसं. अण्णा त्यानंतर सात वर्षं जगले आणि गेले ते दुसऱ्याच दुखण्यानं. स्टेंटनं त्यांचं काही बिघडलं नाही, उलट जिना सोपा झाला. म्हणून ही चुकीच्या उपचाराची गोष्ट नाही, आणि त्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात राग नाही. पण अण्णांच्या हृदयाविषयीचा प्रश्न अण्णांपासून पंधरा फुटांवर मला विचारला गेला, आणि मी तो घेऊन त्यांच्याकडे गेलो नाही. त्या दिवशी सही केलेल्या कागदाची प्रत मी मागून आणली. माझ्या संग्रहातला तो पहिला कागद.

वाचायला लागलो आणि पहिल्या ओळीतच अडखळलो. ही भाषा माझ्या रोजच्या ओळखीची होती. ‘मी खाली सही करणार’, ‘लिहून देतो की’, ‘स्वखुशीने’, ‘पूर्ण शुद्धीत’, ‘कोणत्याही दबावाशिवाय’. हे सगळं दस्ताचं मराठी. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ ही आमची जुनी जोडी थोडी वेष पालटून इस्पितळात आली आहे. पण दस्तात आणि या कागदात मोठा फरक आहे. दस्तात दोन पक्ष असतात, ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. दोघांची नावं, वयं, पत्ते वर येतात. मिळकतीच्या चतुःसीमा येतात, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. भरणा किती आणि कसा केला ते येतं. संमतीपत्रात लिहून देणारा एकटाच असतो. लिहून घेणारा कुठेच नाही. डॉक्टरांचं नाव रिकाम्या जागेत भरलं जातं, पण ते काहीही लिहून देत नाहीत, कबूल करत नाहीत. आमच्या धंद्यात असा एकतर्फी, मोबदल्याविना केलेला दस्त एकच माझ्या हातून वारंवार जातो, तो म्हणजे हक्कसोडपत्र. बहिणी येतात, भावांच्या लाभात वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा सोडतात. ‘स्वखुशीने’ हा शब्द त्या दस्तात जितक्यांदा येतो तितका दुसऱ्या कुठल्याच दस्तात येत नाही. संमतीपत्रातलं ‘स्वखुशीने’ मला त्या बहिणींच्या चेहऱ्यांसकट ऐकू येतं.

आणि तरी हक्कसोडपत्राची एक बाजू उजवी आहे. नोंदणीच्या वेळी लिहून देणाऱ्याला निबंधकासमोर स्वतः उभं राहावं लागतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार अधिकारी विचारतो, हा दस्त तुम्हीच करून दिलाय ना? सही तुमचीच ना? हल्ली फोटो निघतो, अंगठा लागतो. कधीकधी एखादी बहीण त्या खिडकीपाशी थबकते आणि म्हणते, “साहेब, जरा थांबा.” मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. एका गुंठ्यासाठी सरकारी माणूस तोंडावर विचारतो. गर्भाशयासाठी, गुडघ्यासाठी, हृदयाच्या नसेसाठी तशी खिडकी नाही. कागद आदल्या रात्री सिस्टर घेऊन येतात, फुल्या मारलेल्या असतात, आणि सांगितलं जातं, “इथं, इथं आणि इथं.”

आता व्याकरण. ‘मला समजेल अशा भाषेत सर्व धोक्यांची माहिती देण्यात आली आहे.’ कुणी दिली? कर्ता नाही. शासकीय मराठीतून आलेलं हे ‘देण्यात आली आहे’ किती कामाचं आहे पाहा. ते झालेली गोष्ट सांगतं आणि करणाऱ्याला झाकतं. शिवाय काळ बघा. सही करेपर्यंत बहुधा कुणी काहीच सांगितलेलं नसतं. सही झाली की वाक्य खरं ठरतं. ‘पर्यायी उपचारांची कल्पना देण्यात आली आहे’ हेही वाक्य माझ्याकडच्या बऱ्याच कागदांवर आहे. कुठले पर्यायी उपचार, त्यांतल्या एकाचंही नाव लिहायला जागा मात्र जवळजवळ कुठेच नाही. पर्याय हा शब्द आहे, पर्याय नाहीत. ज्याच्यामुळे दोन गोष्टी शेजारी उभ्या राहतात ते मराठीतलं साधं अव्यय म्हणजे ‘किंवा’. तो या मजकुरात सापडतो, पण ‘रुग्ण किंवा नातेवाईक’ अशा ठिकाणी. माणसांच्या बाबतीत ‘किंवा’ आहे, उपचारांच्या बाबतीत नाही. सही कुणाची चालेल याला पर्याय आहेत. काय करायचं याला नाहीत.

बोलण्यात उलटं असतं. मराठीला दोन ‘आम्ही’ आहेत, हे तिचं वैभव. ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला पोटात घेणारा ‘आपण’. आपले डॉक्टर फार मोकळ्या मनानं ‘आपण’ वापरतात. “आपण उद्या एक एमआरआय करून घेऊ.” “आपण ही पिशवी काढून टाकू.” ऐकायला बरं वाटतं, भीती जरा वाटून घेतल्यासारखी वाटते, आणि बहुतेकांच्या मनात तसंच असतं, दिखावा नसतो. पण हा ‘आपण’ निर्णयापुरता टिकतो. कागद आला की तो निघून जातो आणि ‘मी’ येतो. ‘होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार राहीन.’ ठरवताना ‘आपण’ आणि जबाबदारी घेताना ‘मी’. इंग्रजीत ज्याला शेअर्ड डिसिजन मेकिंग म्हणतात, त्यात नेमका या दोन सर्वनामांचा हिशेब जुळवायचा असतो. तो शब्दप्रयोग १९८२ साली अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षीय आयोगाच्या अहवालामुळे चर्चेत आला. दोन वर्षांनी जे कॅट्झ या मानसोपचारतज्ज्ञानं डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या शांततेवर आख्खं पुस्तक लिहिलं. अनेक शतकांचा हा अबोला आहे, संमतीच्या कायद्यानं तो फारसा तुटलेला नाही, असा त्याचा एकूण रोख. मी ते पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून दोन पावसाळ्यांत वाचलं.

संमती आणि सहभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्यातून कळलं. संमती म्हणजे झालेल्या निर्णयाला होकार. सहभाग म्हणजे निर्णय व्हायच्या आधी समोर दोन तरी वाटा असणं, आणि प्रत्येक वाटेवर आपलं काय होईल हे डॉक्टरांनी सांगणं, आपल्याला काय हवं ते आपण सांगणं. डॉक्टरांना शरीर ठाऊक. पायरी कितवी, घरात जिने किती, नातीचं लग्न कधी, हे आपल्याला ठाऊक. दोन्ही माहित्या एकत्र आल्याशिवाय ‘आपण’ खरा होत नाही.

या संदर्भात आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल फार महत्त्वाचा आहे, १६ जानेवारी २००८ चा. कायद्याच्या ग्रंथांत तो त्या बाईंच्या नावानं ओळखला जातो. मी इथे ते लिहीत नाही, तिचं पुरेसं जाहीर झालेलं आहे. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित स्त्री, १९९५ चा मे महिना, रक्तस्राव थांबेना म्हणून दवाखान्यात गेली. दुर्बिणीतून तपासणी आणि त्याच मार्गानं शस्त्रक्रिया, लागलंच तर पोट उघडणं, अशा कागदावर तिनं सही केली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि दोन्ही बीजांडकोश काढले गेले. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की सज्ञान, एरवी शुद्धीत असलेल्या बाईच्या वतीनं आई होकार देऊ शकत नाही. जिवावर बेतलेलं नव्हतं, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. आणि संमतीआधी काय काय सांगायला हवं ते निकालात नोंदवलं आहे. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके, आणि उपचार नाकारला तर काय होईल तेही.

इथं मला माझ्या कागदांवरचा आणखी एक लाडका वाक्प्रचार आठवतो. ‘गरज भासल्यास पुढील शस्त्रक्रिया’. मराठीत भासणं हे नेहमी कुणाला तरी असतं. मला भासतं, तुला भासतं. संमतीपत्रात गरज भासते, पण कुणाला ते लिहीत नाहीत. दिल्लीच्या त्या बाईच्या बाबतीत गरज डॉक्टरांना भासली, आईला पटली, आणि बाईला जाग आल्यावर कळली.

निकालाचा हा भाग मी मानतो. पण त्याच निकालाचा दुसरा अर्धा भाग मला पटलेला नाही. अमेरिकेतली मोजपट्टी, म्हणजे शहाण्या रुग्णाला जे जाणून घ्यावंसं वाटेल ते सगळं सांगा, ही आपल्याला झेपणार नाही असं न्यायालयानं म्हटलं. इथले बहुसंख्य रुग्ण गरीब, निरक्षर किंवा अर्धसाक्षर, त्यांना वैद्यकीय गोष्टी कळणार नाहीत, आणि खर्च वाढेल. म्हणून ब्रिटनची मोजपट्टी बरी, म्हणजे डॉक्टरमंडळी सर्वसाधारणपणे जितकं सांगणं योग्य मानतात तितकं. बाईला भरपाई मिळाली २५,००० रुपये, आणि डॉक्टरांना फी मागता येणार नाही असं ठरलं. हेतू चांगला होता, हे लक्षात घेऊन.

मी निरक्षर माणसांचेच दस्त लिहितो. वाचून दाखवल्यावर अंगठा लावायच्या आधी ते जे प्रश्न विचारतात ते शिकलेल्यांना सुचत नाहीत. विहिरीचं पाणी कुणाकडे राहणार? बांधावरचा आंबा कुणाचा? न कळणं हा त्यांचा दोष नसतो, वाचून न दाखवणं हा माझा असतो. शिवाय ज्या ब्रिटनची मोजपट्टी आपण उसनी घेतली, तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली संमतीच्या बाबतीत ती टाकून दिली. स्कॉटलंडमधली मधुमेह असलेली, लहान चणीची एक गरोदर बाई. मधुमेही मातांमध्ये बाळाचे खांदे अडकण्याची शक्यता नऊ-दहा टक्के. डॉक्टरांनी ते सांगितलं नाही. का, तर सांगितलं की बायका सिझेरियन मागतील. १९९९ मध्ये बाळ जन्मलं ते मेंदूला इजा होऊन. ही ‘किंवा’ लपवल्याची गोष्ट आहे. रुग्णाला दुसरी वाट कळणार नाही म्हणून ती लपवली गेली नव्हती. ती तिला चांगलीच कळली असती, आणि तिनं ती निवडली असती, म्हणून लपवली होती. आमच्या निकालात मात्र २००८ ची मोजपट्टी अजून भिंतीवर आहे.

आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेचं काय? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत ७.१६ क्रमांकाचं कलम आहे. शस्त्रक्रियेआधी लेखी संमती घ्यावी, ती कुणाची, याची यादी त्यात येते. पहिल्यांदा येतात पती किंवा पत्नी, मग लहान मुलाचे आईबाप वा पालक, आणि सगळ्यांत शेवटी, प्रसंग असेल तसा, स्वतः रुग्ण. यादीतला क्रम हा दस्तलेखकाला फार बोलका वाटतो. ज्याची मिळकत त्याचं नाव साक्षीदारांच्या खाली! वंध्यत्व येणाऱ्या शस्त्रक्रियेला तर नवरा-बायको दोघांची संमती मागितली आहे. त्याउलट १९७१ चा गर्भपाताचा कायदा पाहा. तिथं सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. म्हणजे नीट लिहायचं ठरवलं तर आपल्याला लिहिता येतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांसाठी नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. तेव्हा ७.१६ अजून जागच्या जागी आहे.

आता अण्णांकडे परत येतो. त्या दिवशी खरंच ‘किंवा’ होता का? होता. छातीत दुखणं स्थिर आहे, श्रमानं येतं, विश्रांतीनं जातं, अशा रुग्णांवरचा ‘करेज’ नावाचा मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला होता, २,२८७ रुग्णांचा. चांगली औषधं दिली आणि वर स्टेंटही टाकला, तर नुसत्या औषधांपेक्षा मृत्यू किंवा हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. दुखणं मात्र स्टेंटनं लवकर कमी झालं, आणि तो फरकही काही वर्षांनी विरत गेला. पुढे ‘इस्केमिया’ या ५,१७९ रुग्णांच्या अभ्यासातून, ज्यात भारतातलेही रुग्ण होते, तशाच वळणाचं उत्तर २०२० साली आलं. हार्ट अ‍ॅटॅक चालू असताना स्टेंट जीव वाचवतो, त्याबद्दल वाद नाही. अण्णांना अ‍ॅटॅक नव्हता. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो जिन्याचा, मरणाचा नव्हता. गोळ्या घेऊन सावकाश जिना चढायचा, किंवा स्टेंट टाकून लवकर चढायचा. हा प्रश्न कंडक्टरला सहज कळला असता. लाल गाडी का एशियाड, पोचतात दोन्ही. त्यांनी स्टेंटच मागितला असता असं मला वाटतं. पण मला वाटण्याचा इथे संबंध काय?

डॉक्टरांची बाजू मी ऐकलेली आहे, आणि ती हलकी नाही. माझ्या ओळखीच्या एका सर्जननं मला सुनावलं, “तुम्ही पर्याय-पर्याय करता, पण समोरचा माणूस म्हणतो, डॉक्टर, तुमच्या वडिलांचं असतं तर काय केलं असतंत? त्याला मेनूकार्ड नको असतं.” खरं आहे. ओपीडीत बाहेर साठ माणसं आहेत, हेही खरं. १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आल्यानंतर संमतीपत्रं लांबत गेली, असं जुने डॉक्टर सांगतात, आणि माझ्या संग्रहातले जुने-नवे कागद शेजारी ठेवले की ते पटतं. प्रत्येक नवी ओळ कुठल्या तरी भीतीतून आली आहे. इस्पितळात काचा फुटतात, महाराष्ट्राला २०१० साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. ज्या माणसाला उद्या आपली कॉलर धरली जाईल असं वाटतं, तो सैलपणे बोलणार कसा? पण “तुमच्या वडिलांचं असतं तर” हा प्रश्न मला वेगळा ऐकू येतो. तो निर्णय डॉक्टरांवर टाकण्यासाठी विचारलेला नसतो. डॉक्टरनी ‘आपण’मध्ये खरोखर यावं, यासाठी विचारलेला असतो. त्याचं चांगलं उत्तर “माझ्या वडिलांना चालायला आवडतं, म्हणून मी हे केलं असतं, तुमच्या वडिलांना काय आवडतं?” असं असू शकतं. त्याला मेनूकार्ड लागत नाही आणि फार वेळही लागत नाही.

माझ्या म्हणण्याला खरा अडसर आला तो दुसरीकडून, बीडमधून. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ साली झाली, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं सांगून खाजगी दवाखान्यांनी त्या केल्याचं तेव्हा बाहेर आलं. इथं ‘किंवा’ न सांगणारा डॉक्टर आहेच. पण अनेकींनी पत्रकारांना असंही सांगितलं की आम्हालाच ती नको होती. कारण फडात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, उचल घेतलेली असते, खाडा पडला की मुकादम दंड कापतो. पाळीच्या चार दिवसांत पोटात दुखलं तर सावली नाही, पाणी नाही, संडास नाही. अशा बाईसमोर डॉक्टरनी सगळे पर्याय अगदी मराठीत, वेळ देऊन मांडले असते, तरी गोळ्या घ्या आणि विश्रांती घ्या हा पर्याय तिच्या कोयत्यात कुठे बसणार होता? तिच्या हातून ‘किंवा’ इस्पितळाच्या कितीतरी अलीकडे, उचल घेतली त्या दिवशीच सुटला होता. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी सक्तीची झाली. परवानगीची आणखी एक सही वाढली. बाईच्या स्वतःच्या प्रश्नासाठी जागा वाढली का, ते मला त्या कागदावर दिसत नाही. सहभागाविषयी लिहिणारी पुस्तकं ज्या देशांत लिहिली जातात तिथं दवाखान्यात येणाऱ्याला घरी जाऊन विचार करायला घर असतं, रजा असते, असं ती गृहीत धरतात. ऊस तोडणारीकडे ते नसतं. हे लक्षात आल्यापासून नुसता फॉर्म सुधारा असं म्हणायला मी कचरतो.

कचरतो, पण म्हणतो. कारण २०१८ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं रुग्णहक्कांची सनद दिली, २०२१ च्या जानेवारीत महाराष्ट्रानं शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्क घातले, ते दर्शनी भागात लावायला सांगितले. पर्यायी उपचारांतून निवड करण्याचा हक्क आयोगाच्या सनदेत आहे. मी पाहिलेला एक फलक पाण्याच्या कूलरच्या मागं आहे. हक्क भिंतीवर ‘आपणास’ उद्देशून आहेत, सही टेबलावर ‘मी’ची आहे, मधल्या तीन फुटांत भाषा नाही.

म्हणून धंद्याच्या सवयीनं मी एक मसुदा केला. अर्ध्या पानाचा. वर दोन नावं, लिहून देणार आणि लिहून घेणार. मग तीन वाक्यं, रिकाम्या जागांसकट. ‘मला ........ सांगितले आहे, किंवा ........ हेही करता येईल, किंवा सध्या काहीच न करता ........ ’. ‘यांतले मी ........ निवडले, कारण ........ ’. ‘डॉक्टरांनी कबूल केले की ........ ’. रिकाम्या जागा रुग्णानं स्वतः भरायच्या, लिहिता येत नसेल तर त्याच्या शब्दांत दुसऱ्यानं. तो मसुदा मी त्याच मेनूकार्डवाल्या सर्जनना दिला. त्यांनी महिनाभर टेबलावर ठेवला, चार-पाच जणांबरोबर वापरला, आणि बहुतेक ठिकाणी तो फसला असं प्रामाणिकपणे सांगितलं. एका बाईची सगळी वाक्यं नवऱ्यानं भरली. एका आजोबांनी तिन्ही जागांत ‘डॉक्टर म्हणतील तसं’ लिहिलं. तातडीच्या रुग्णाला तर तो दाखवायचाच नव्हता.

एक कागद मात्र त्यांनी माझ्यासाठी झेरॉक्स काढून ठेवला होता, नाव झाकून. साठीतला शेतकरी, जांघेत हर्निया, फारसा त्रास नाही. अशा पुरुषांनी लक्ष ठेवून थांबलं तरी चालतं, असं २००६ साली ७२० जणांच्या अभ्यासातून पुढं आलेलं आहे, हे सर्जनना माहीत होतं; एरवी ते सांगायची वेळ येत नसे, असं ते म्हणाले. या वेळी रिकामी जागा होती म्हणून सांगितलं. त्या माणसानं ‘ऑपरेशन’ निवडलं नाही आणि ‘काहीच न करता’ही निवडलं नाही. मधल्या जागेत त्यानं मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘कांदा काढून झाल्यावर’. पुढं, कारण ........ , तिथं: ‘आत्ता मजूर मिळत नाय’. सर्जन म्हणाले, “हा पर्याय माझ्या डोक्यातच नव्हता. मी करायचं की नाही एवढाच विचार करत होतो.” खालच्या तिसऱ्या वाक्यात, लिहून घेणाऱ्याच्या जागी, त्यांचं स्वतःचं घाईचं अक्षर आहे. पोतं उचलणार नाही असं कबूल करून घेतलं आहे. गाठ आत जाईनाशी झाली किंवा उलट्या झाल्या तर रात्री कधीही फोन करावा, मी उचलीन. आणि पुढं त्यांचा मोबाइल नंबर.